कोनालेबी इचारा

आमच्या वडनेरात पत्ता सांगायची एकच पद्धत आहे. "हिंगणघाटवरून गाडीत बसा, वडनेरले उतरा, आन् कोनालेबी इचारा." घर नंबर, गल्ली, पिनकोड ही पोस्टमनची खासगी माहिती. बाकी जगासाठी 'कोनालेबी' हाच आमचा पत्ता. हा कोनालेबी पानटपरीवर हमखास भेटतो. तो लगेच पत्ता सांगत नाही. तुम्ही कोणत्या गावचे, कोणाचे कोण, सोयरिकीसाठी आला असाल तर पोट्टा काय करते, वावर किती, ओलीत किती, एवढं आधी काढून घेतो. मग निम्म्या वाटेपर्यंत सोबत येतो, मध्ये चहा पाजतो आणि चहाचे पैसे तुम्ही काढले तर भांडतो.

मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. 'कुठं?' हा माझा पोटापाण्याचा शब्द. घरी भाकर वाढताना बायकोनं "अजून?" म्हटलं की माझ्या तोंडून "कुठं?" निघायचं. रिटायर झालो तरी सवय गेली नाही. दारावरून कोणी गेलं की मी ओट्यावरून विचारतो, "कुठं?" माणूस थांबतो, सांगतो, बसतो. तिकीट तेवढं फाडत नाही.

अशा माणसाला पोरानं बायकोसकट दोन महिन्यांसाठी जर्मनीत बोलावलं. पोरगा ब्रेमेन नावाच्या शहरात नोकरीला आहे. फोनवर म्हणाला, "बाबा, तुमाले इथं काहीच त्रास नाही. कोनाले काही इचारावं लागत नाही. सगळं लिहून असते." त्यानं हे कौतुकानं सांगितलं. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

निघायच्या आधी सारं गाव भेटून गेलं. आमचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या पुण्याईनं कागदोपत्री कोरडा, त्यामुळे जर्मनी म्हटल्यावर काही जण डोळे मिचकावून गेले. "तिथं बिअर पान्यासारखी असते म्हन्ते, कंडक्टरभाऊ." मी म्हटलं, पाण्याचं काय असते ते आधी पाहतो. आणि गंमत म्हणजे तिथं पाण्याचीच पंचाईत निघाली. पाणी मागितलं की फसफसणारं येतं. पहिल्या घोटाला हिनं ग्लास खाली ठेवला. "अवो, हे पानी इटलं."

सामानात वर्ध्याचा गोरस पाक, ज्वारीचं पीठ, लाल तिखट आणि खलबत्ता. लोखंडी खलबत्ता. मी म्हटलं, त्यांच्याकडे मिक्सर आहे. ही म्हणाली, "मिक्सरमंदी चटनी होते, ठेचा होत नाही." विमानतळावरच्या मशीनमध्ये बॅग गेली तेव्हा आतल्या माणसानं पडदा थांबवला, तिघांना बोलावलं आणि चौघांनी मिळून आमच्या खलबत्त्याचा फोटो पाहिला. बॅग उघडावी लागली. वर निघाला गोरस पाक. एकेक देऊन आम्ही पुढं गेलो. तंबाखूचा खर्रा मात्र गावीच ठेवला. जड मनानं.

ब्रेमेनला उतरलो आणि पाहिलं, पोरगा खरं सांगत होता. खांबावर ट्रामची वेळ, तीही 14:07 अशी. कचऱ्याच्या डब्यांवर कोणत्यात काय टाकायचं: कागद निळ्यात, पिशव्या-डबे पिवळ्यात, सालटं तपकिरीत, उरलेलं काळ्यात. जिन्यात इमारतीचे नियम, रात्री दहानंतर आवाज नको. आमच्या घरी कचऱ्याचं काम गाय, रद्दीवाला आणि भंगारवाला मिळून करतात, एकही पाटी न वाचता. पण त्या डब्यांसमोर मी चहाची ओली पत्ती कागदासकट घेऊन दहा मिनिटं उभा होतो. पत्ती तपकिरीत हे कळत होतं. तिला चिकटलेल्या कागदाचं काय करायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

पाण्याच्या रिकाम्या बाटलीला मात्र तिथं मान आहे. प्लॅस्टिकची बाटली घेताना 25 सेंट जादा घेतात आणि बाटली दुकानातल्या मशीनला परत दिली की तेवढे परत मिळतात. 2003 पासून हा कायदाच आहे. 25 सेंट म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. हे कळल्यावर आम्ही दोघं फिरायला जाताना पिशवी घेऊन जायला लागलो. सूनबाईनं चार दिवस पाहिलं आणि मग नम्रपणे सांगितलं, की लोक कचराकुंडीशेजारी बाटल्या मुद्दाम ठेवतात, त्या गरजू माणसानं न्याव्या म्हणून. मी म्हटलं, पेन्शनचा कागद सोबत आणला आहे, दाखवू का?

पहिल्यांदा ट्राममध्ये बसलो आणि डोळ्यांनी कंडक्टर शोधला. नव्हता. आत चढताना फाटक नाही, कोणी अडवत नाही. तिकिटाचं मशीन एका कोपऱ्यात मुकाट्यानं उभं.

"मंग तिकीट कोन तपासते?"

"कोनीच नाही. कधीतरी येतेत."

"आन् सापडला तर?"

"60 युरो दंड."

म्हणजे सहा हजारांच्या आसपास. तरी मन मानेना. 31 वर्षं मी फुकट्यांचे सगळे प्रकार पाहिले आहेत. झोपेचं सोंग घेणारा, खिडकीबाहेर टक लावणारा, पास घरच्या शर्टात विसरलेला, आणि "पोट्टा पाच वर्साचा नाही झाला जी" म्हणणारी माय, जिच्या मांडीवरच्या पोट्ट्याला मिसरूड फुटलेली असते. मी ट्राममध्ये बसल्या जागेवरून एकेकाचा चेहरा तपासायला लागलो. या हिरव्या शर्टवाल्यानं काढलं नसावं. ती पोरगी सारखी बाहेर पाहते आहे. पोरगा कानाशी म्हणाला, "बाबा, असं कोनाकडं पाहू नका."

तिसऱ्या आठवड्यात एकदाचे ते आले. साध्या कपड्यातले दोघं. हातातलं मशीन पाहून मी ओळखलं आणि पाय आपोआप उभे राहिले. इतकी वर्षं तपासणीवाले गाडीत चढले की माझा हात आधी पैशाच्या बॅगेवर आणि मग वेबिलावर जायचा. इथं बॅग नव्हती, म्हणून हात नुसताच कमरेशी चाचपडत राहिला. ही घाबरली. "काऊन उभे रायले? काही केलं काय तुमी?" मी तिकीट दोन्ही हातांनी पुढं केलं. तो हसून 'डांके' म्हणाला आणि पुढं गेला. नेमका तो हिरव्या शर्टवाला आणि ती पोरगी त्या दिवशीही डब्यात; त्याच्याकडं महिन्याचा पास होता. पोरीकडंही होता. अख्ख्या डब्यात एकही फुकट्या निघाला नाही. कंडक्टर म्हणून मला बरं वाटलं, आणि कंडक्टर म्हणूनच थोडं वाईटही वाटलं.

डब्यातली शांतता मात्र पचली नाही. वडनेर ते हिंगणघाट एवढ्या पट्ट्यात शेजारच्या माणसाच्या पोरीचं लग्न, सोयाबीनचा उतारा, तुरीचा भाव आणि भावाभावातला धुऱ्याचा तंटा एवढं कळून जातं. ब्रेमेनच्या ट्राममध्ये शेजारचा माणूस उतरताना सरकून जागा मागतो, तेवढीच ओळख. तरी तिथले लोक माणूसघाणे नाहीत. जिन्यात कोणी भेटलं की 'मोइन' म्हणतात. मला वाटलं हे सकाळचं असेल. रात्री नऊलाही मोइनच. म्हणजे आमचा रामराम. फरक इतकाच, की आमचा रामराम ही सुरुवात असते. त्यांचं मोइन हाच सुरुवात आणि शेवट.

जर्मन माणूस म्हणजे घड्याळ, असं मी गावात सांगून निघालो होतो. पोरानं माझा हा समज काढला. त्यांच्या लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांपैकी 2024 साली जेमतेम 62 टक्के वेळेवर धावल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत. हे त्यांनीच मोजून जाहीर केलं आणि त्यावर सगळा देश हळहळतो. मला ऐकून धीर आला. सहा मिनिटांना आमच्याकडे उशीर म्हणत नाहीत, 'आलीच' म्हणतात.

ऊन ही आणखी एक गोष्ट. आम्ही वडनेर सोडलं तेव्हा पारा 46 वर होता. मे महिन्यात दुपारी आमच्या रस्त्यावर एकच माणूस दिसतो, पत्रिका वाटणारा नवरदेवाचा बाप. तोही तोंडाला दुपट्टा बांधून आणि खिशात कांदा घालून. ब्रेमेनला 26 झालं आणि पोरगा म्हणाला, "आज लय गरम आहे, नदीवर जाऊ." वेझर नदीच्या काठी हिरवं गवत, आणि त्या गवतावर माणसंच माणसं आडवी पडलेली. अंगावर नावाला कपडे. मी आकाशाकडं पाहत चालायला लागलो. ही मात्र थबकली.

"अवो, त्या बाईले ऊन लागलं वाटते. पाहा ना, निपचित पडली." आणि पाण्याची बाटली उघडून निघाली. सुनेनं धावत जाऊन हात धरला.

"आई, ती ऊन खाऊन रायली."

"ऊन खाते? घरी काही रांधलं नाही काय तिनं?"

त्यात जूनचा सूर्य. तो पावणेदहापर्यंत मावळतच नाही. आमच्या घरी दिवेलागणीला देवाजवळ दिवा लागतो आणि मग जेवणं. पहिले तीन दिवस ही दिवेलागणीची वाट पाहत बसली. आठ वाजले, नऊ वाजले, ऊन गच्चीवर तसंच. पोटात कावळे, आणि तेही बहुतेक दमून झोपलेले. चौथ्या दिवशी तिनं घड्याळ पाहून सात वाजता दिवा लावला आणि खिडकीतल्या सूर्याला म्हणाली, "तू कवाबी जाय."

पण खरा प्रसंग रविवारचा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. 1956 साली दुकानबंदीचा कायदाच झाला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रविवारच्या विश्रांतीला त्यांच्या घटनेतच जागा आहे. 1919 च्या घटनेतलं कलम त्यांनी 1949 च्या घटनेत जसंच्या तसं घेतलं. रविवारी भिंतीला भोक पाडायचं नाही, गवत कापायचं मशीन चालवायचं नाही. सेवाग्रामला बापूजींचं सोमवारी मौन असायचं. इथं साऱ्या देशाचं रविवारी. हे सगळं पोरानं मला सांगितलं. हिला सांगायचं राहिलं.

रविवारी सकाळी पोरगा आंघोळीला गेला आणि हिनं हिरव्या मिरच्या भाजून खलबत्ता काढला. जमीन लाकडी. पहिल्या घावाला टेबलावरच्या कपबश्या हलल्या. पाचव्या घावाला मला कलम आठवलं. दहाव्या घावाला दाराची बेल वाजली.

खालच्या मजल्यावरची आजीबाई. सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी ताठ. सुनेचा चेहरा मिरच्यांआधीच पांढरा पडला. बाईनं विचारलं ते सुनेनं नंतर सांगितलं: तुमच्याकडे काही दुरुस्ती चालू आहे का, आज रविवार आहे. सुनेनं खलबत्ता दाखवला. बाईनं तो उचलून पाहिला, वास घेतला, शिंकली आणि पुन्हा वास घेतला. आमची ही तोपर्यंत कोणाला न विचारता डब्यात दोन भाकरी आणि ठेचा भरून मोकळी. "घ्या जी. गरम आहे तवर खाऊन घ्या." बाईला मराठी कळायचं काही कारण नव्हतं. तरी डबा घेऊन गेली.

दोन दिवसांनी डबा परत आला. धुतलेला, पुसलेला, आत एक सुरेख कार्ड: मनापासून आभार, फार तिखट होतं. हिनं कार्ड बाजूला ठेवलं, डबा उलटा करून पाहिला आणि खुर्चीत बसली.

"रिकामा?"

"आई, इथं असंच असते."

"असं कसं असते? रिकामा डबा देते काय कोनी? चिमूटभर साखर तरी टाकाव मानसानं."

बाईनं राग धरला नव्हता, पण हिनं धरला. शेवटी सुनेनं जिन्यात त्या आजीबाईला आमची रीत समजावली. बाई गंभीर झाली. तिनं माफी मागितली, हा नियम तिला माहीत नव्हता म्हणाली. आणि मग विचारलं, "चिमूटभर म्हणजे किती ग्रॅम?"

सुनेला उत्तर देता आलं नाही. तेव्हा बाईनं आपल्या मनानं प्रमाण ठरवलं: साखरेच्या चौकोनी वड्या, दोन. त्यानंतर आमच्याकडून खाली जाणारा प्रत्येक डबा वर येताना दोन वड्या घेऊन आला. सांभारवडी गेली, दोन वड्या. चून-भाकर गेलं, दोन वड्या. एकदा नुसता डबाच चुकून खाली राहिला होता, त्यातही दोन. निघायच्या दिवशी हिनं मोजल्या. 36 भरल्या. पिशवीत बांधून वडनेरला आणल्या. चहात टाकू देत नाही.

त्या डब्यांच्या दिवसांतच आजीबाईनं आम्हाला चहाला बोलावलं, म्हणजे कॉफी आणि केकला. दुपारी चार वाजता. मी साडेतीनला तयार होऊन निघालो. गाडी लागायच्या आधी फलाटावर असावं, ही आमची शिस्त. पोरानं दारात अडवलं. "चार म्हन्जे चार." तीन पंचावन्नला आम्ही चौघं जिन्यात रांगेनं उभे राहिलो, तिच्या दारासमोर, मुंडावळ्या विसरलेल्या वऱ्हाडासारखे. दाराआड तिच्या चपलांचा आवाज येत होता. तीही आत घड्याळ पाहत उभी होती हे नंतर कळलं. चारच्या ठोक्याला इकडून बेल वाजली आणि तिकडून दार उघडलं.

केकचा एकेक तुकडा झाला. बाईनं मला विचारलं, अजून घेणार? मी आपल्या रीतीनं म्हटलं, "नाही जी, पोट भरलं." आपल्याकडे ही पहिली नाही. दुसऱ्या नाहीनंतर बोलणं सुरू होतं आणि तिसऱ्या नाहीला पानात वाढलेलं असतं. बाई म्हणाली, बरं. आणि केक उचलून आत घेऊन गेली. मी त्या दाराकडं पाहत राहिलो. आतमध्ये फ्रीजचं दार लागल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर सुनेनं मला शिकवलं: इथं पहिल्यांदा विचारलं की लगेच हो म्हणायचं. ती गुणी पोरगी. तिनं पुढच्या भेटीआधी त्या बाईलाही शिकवून ठेवलं: आमच्या लोकांना तीनदा विचारावं लागतं. दोघांनाही एकमेकांचा नियम नीट कळला. परिणाम असा, की दुसऱ्या वेळी बाईनं विचारलं आणि मी पहिल्याच फटक्यात हो म्हणालो. तिनं वाढलं. पण तिचे दोन आग्रह बाकी होते. नियम म्हणजे नियम. तिनं बोटं मोजत पुन्हा विचारलं, मी शिकवल्याप्रमाणे पुन्हा लगेच हो म्हणालो. तिसऱ्यांदाही. रात्री मी ओवा खाऊन झोपलो.

ब्रेमेनशी आपलं एक जुनं नातंही निघालं. तिथं 1872 साली स्थापन झालेली कापसाच्या व्यापाऱ्यांची संस्था आहे, कापसाच्या व्यवहाराचे नियम ठरवणारी आणि प्रतीवरून वाद झाला तर निवाडा करणारी. तिची जुनी दगडी इमारत मुख्य चौकाजवळच आहे. मी समोर उभा राहिलो तर छाती फुगली. एकोणिसाव्या शतकात आमच्या हिंगणघाटचं नाव इंग्लंडच्या बाजारात कापसाच्या एका जातीचं नाव म्हणून चालत होतं. आमचा आजा ज्या कापसाच्या गंजीवर झोपायचा त्याचं नाव लिव्हरपूलपर्यंत गेलेलं, आणि आजा स्वतः नागपूरच्या पलीकडं गेला नाही. मी पोराला म्हटलं, आत जाऊन सांग, हिंगणघाटहून माणूस आला आहे. तो म्हणाला, "बाबा, अपॉइंटमेंट लागते."

त्या इमारतीपासून चार पावलांवर, नगरभवनाच्या भिंतीशी, ब्रेमेनचं खरं दैवत उभं आहे. गाढव. त्याच्या पाठीवर कुत्रा, कुत्र्यावर मांजर, मांजरावर कोंबडा. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतले हे चौघे, गेरहार्ड मार्क्स नावाच्या शिल्पकारानं केलेला 1953 चा ब्राँझचा पुतळा. गोष्ट अशी, की हे चौघेही म्हातारे, कामातून गेलेले, मालकानं टाकलेले. ते ठरवतात, ब्रेमेनला जाऊन गाणं-बजावणं करू. मी ईपीएस-95 चा पेन्शनर, त्यामुळे गाढवाशी माझं लगेच जमलं. आणि गंमत अशी, की गोष्टीत ते ब्रेमेनला पोचतच नाहीत. वाटेत एक घर सापडतं, तिथंच मुक्काम ठोकतात. आपल्याकडे येऊन गेलेल्यांचे पुतळे असतात. इथं न आलेल्यांचा.

जवळच फरसबंदीत एक भोक आहे. नाणं टाकलं की खालून त्या चौघांपैकी एकाचा आवाज येतो. पैसे धर्मादाय कामाला जातात. हिला वाटलं दानपेटी. नाणं टाकून डोळे मिटून हात जोडले, आणि जमिनीतून गाढव ओरडलं. ही दोन पावलं मागं सरली. मग म्हणाली, "कौल दिला."

लोक त्या गाढवाचे पुढचे पाय धरतात. धरले की इच्छा पुरी होते म्हणे. पाय इतक्या हातांनी धरले गेलेत की तेवढाच भाग सोन्यासारखा चकाकतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचं तीर्थक्षेत्र युरोपात असेल असं गुरुजींनी सांगितलं नव्हतं. मीही एका हातानं पाय धरला, दुसऱ्या हातात हिची पिशवी होती. पोरगा हसायला लागला. इथले लोक म्हणतात, दोन्ही हातांनी धरायचे असतात. एकाच हातानं धरला तर ते म्हणजे एक गाढव दुसऱ्या गाढवाशी हात मिळवतं.

हे मनाला लागलं. पुढच्या आठवड्यात मी एकटाच ट्रामनं जाऊन दोन्ही हातांनी पाय धरून आलो. म्हणजे यायला निघालो. ट्राम बरोबर पकडली, दिशा उलटी पकडली. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, मीही उतरलो. फोन मेलेला. भोवती झाडं, घरं आणि पाट्या. सगळं लिहिलेलं होतं, हे मला मान्य आहे.

एक तरणा पोरगा कानात बोंडं घालून उभा होता. मी पोराच्या पत्त्याची चिठ्ठी त्याच्यापुढं धरली. दोन्ही हातांनी. त्यानं बोंडं काढली, चिठ्ठी वाचली, पाटी दाखवली. मी पाटी न पाहता त्याच्याच तोंडाकडं पाहिलं. तेव्हा तो मला पलीकडच्या थांब्यावर घेऊन निघाला. मध्ये लाल दिवा. रस्त्यावर एक वाहन नाही, कुत्रं नाही. आमच्या गावाशेजारून श्रीनगर ते कन्याकुमारीचा 44 नंबरचा हायवे जातो, तो आम्ही ट्रकच्या ड्रायव्हरकडं नुसतं हात दाखवून ओलांडतो. इथं आम्ही दोघं रिकाम्या रस्त्यासमोर हात जोडल्यासारखे उभे राहिलो. माझी गाडी यायला अकरा मिनिटं होती. तो निघून जाऊ शकला असता. थांबला.

आता अकरा मिनिटं कंडक्टरच्या शेजारी उभं राहून कोणी गप्प कसं राहील? माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं. मी म्हटलं, "मदर?" त्याला आधी कळलं नाही. मग म्हणाला, आई दुसऱ्या गावी असते, एकटी. "फादर?" नाहीत. "सिस्टर?" एक आहे, तिचं लग्न झालेलं नाही पण पोरगी आहे. मी तो विषय पुढं नेला नाही. मग तोच विचारायला लागला. कुठून आलात, वडनेर कुठं आहे, तिथं समुद्र आहे का. गाडी आली तेव्हा तो मला नुसतं बसायला सांगून गेला नाही, सोबत चढला आणि ड्रायव्हरला माझा थांबा सांगून मग उतरला. दार लागताना त्यानं हात हलवला. चेहऱ्यावरून वाटलं, याला बऱ्याच दिवसांत कोणी काही विचारलं नसावं. विचारायचं कशाला? सगळं लिहिलेलं असतं.

परत आल्यावर गावानं मला आठ दिवस विचारलं. मी सांगत गेलो. पण जर्मनीचा गुण थोडा चिकटला होता. पहिल्याच दिवशी हायवेच्या कडेला मी बराच वेळ उभा राहिलो. पानटपरीवरून हाक आली, "काऊन उभे रायले, कंडक्टरभाऊ?" काय सांगणार, की दिवा हिरवा व्हायची वाट पाहतो आहे?

मग एक काम केलं. घरच्या जुन्या फळ्याला काळा रंग दिला आणि आमच्या थांब्याजवळच्या झाडाला लावला. त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात गाड्यांच्या वेळा लिहिल्या, हिंगणघाटच्या वेगळ्या, खालच्या अंगाच्या वेगळ्या. 14:07 असं नाही, आपलं सव्वादोन, अडीच असं. खाली ओळ टाकली: 'कोणालाही विचारू नये.' आणि त्या फळ्याखाली बाकावर जाऊन बसलो, लोक वाचतात का पाहायला.

पहिला आला तो गावचाच म्हातारा, दहावी झालेला, रोज पेपर वाचणारा. फळ्यासमोर उभा राहिला. वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. शेवटची ओळही वाचली. मग फळ्याकडं पाठ करून मला म्हणाला,

"हिंगणघाटची गाडी कितीले हाय जी?"

"लिहिलं ना वर."

"ते वाचलं म्या. तुमी सांगा ना."

मी बाकावर सरकून त्याला जागा दिली आणि विचारलं, "कुठं?"